नेलोच्या बदल्यात तातो

दॉन एल्पिदियो माइसोनेत यांनी गावाला विकलं, असं पुंता कोरालमध्ये सगळ्यात आधी कोण म्हणालं ते कुणालाच आठवत नव्हतं. पण त्यांना हटवण्याच्या अर्जावर पहिली सही कुणाची, हे सगळ्यांना पाठ होतं. ती फेफोची होती.

फेफो भाड्याची मोटार चालवायचा, उरलेल्या वेळात लोकांच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि दोन्ही कामं करताना तोंडानं बास्केटबॉल चालू ठेवायचा. दहा दिवसांपूर्वी रेडिओवर बातमी आली तेव्हा तो एका गाडीखाली आडवा पडून काम करत होता. ताडकन उठायला गेला आणि कपाळावर टेंगूळ आलं. बातमीच तशी होती. गावच्या पेलिकन संघाचे कारभारी दॉन एल्पिदियो यांनी नेलो काराक्वियो डोंगरातल्या आल्तो सेद्रो संघाला देऊन टाकला होता. नेलो म्हणजे चोवीस वर्षांचा, अख्ख्या पोर्तो रिकोत ज्याच्या हाताला तोड नाही असा नेमबाज. बदल्यात मिळाला तातो बेरियोस, वय वर्षं सदतीस, गुडघे कुरकुरणारे, मुक्काम कायम राखीव बाकावर. आणि आल्तो सेद्रो तर आठ संघांत आठवा.

भरीला नेलो हा दॉन एल्पिदियोंचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच त्याला हातावर धरलं होतं, आणि पोराचे आईबाप गेल्यावर त्यांनीच वाढवलं होतं. सख्ख्या लेकरासारखा पोरगा देऊन म्हातारा कोतारा घेणाऱ्या माणसाला काहीतरी मोठं मिळालं असणार, याबद्दल गावाला शंका नव्हती. मग लोकांनी जुन्या अदलाबदलीही उकरून काढल्या. शनिवारी सहा वाजता क्रीडागृहात सभा होती. दॉन एल्पिदियोंना काढायचं आणि दारावरचं त्यांचं नाव खरवडायचं, यावर मतदान व्हायचं होतं. बावीस वर्षांपूर्वी ते क्रीडागृह त्यांनीच वर्गण्या मागून उभं केलं होतं.

गुरुवारी सकाळी फेफो आपल्या वहिनीच्या, आविल्दाच्या, ओसरीवर कॉफी पीत हेच सगळं सांगत बसला होता. आविल्दा हिरवी केळी सोलत होती. सव्वीस वर्षं तिनं विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकले होते. आता दारावर खाजगी तपासाची पितळी पाटी होती. बास्केटबॉलचा तिला मनापासून कंटाळा होता.

रस्त्यावरून बर्फाचा गोळेवाला गाडी ढकलत चालला होता. त्यानं सलगीनं हाक मारली, "आशीर्वाद, दोन्या आविल्दा."

"तुला मी जन्म दिला नाही, बाप्तिस्म्याला हातावर घेतलं नाही," आविल्दा मान वर न करता म्हणाली. "तुझ्या आईकडे माग."

गोळेवाला हसत पुढे गेला, आणि त्याच्या मागोमाग नेरेइदा फाटकातून आत आली. ती दॉन एल्पिदियोंची मुलगी आणि आविल्दाची धर्मकन्या. तिनंही आधी आशीर्वाद मागितला. तिला तो मिळाला आणि वर बसायला खुर्चीही मिळाली. फेफोला पाहून तिनं तोंड फिरवलं. सही कुणाची होती ते तिलाही ठाऊक होतं.

नेरेइदाचे डोळे सुजले होते. बाबा एक अक्षर बोलत नाहीत, म्हणाली. मी शब्द दिलाय, एवढंच म्हणतात. लोक दुकानासमोर थुंकतात आणि बाबा आत शीळ घालत खिळे तोलतात.

"शीळ?" आविल्दानं सुरी खाली ठेवली.

"हो. गाव जीव खातंय आणि ते खुशीत. मावशी, मला भीती वाटते. लोक म्हणतात ते खरं असेल तर? परवा कपाट उघडलं तर आत नवा पांढरा सदरा. लिननचा, लांब बाह्यांचा, शिंप्याकडून मापानं शिवलेला. असा सदरा त्यांनी नऊ वर्षांपूर्वी माझ्या लग्नाला शिवला होता. त्यानंतर जुन्यावरच चाललंय. आणि हा अजून एकदाही घातलेला नाही."

फेफोला हा पुरावा भक्कम वाटला आणि त्यानं तसं बोलूनही टाकलं. आविल्दानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं उरलेली कॉफी एका घोटात संपवली.

"बाबा चोर असतील तर तेही मला सांग," नेरेइदा म्हणाली. "पण शनिवारच्या आत सांग. ते नाव खरवडताना मला माहीत असायला हवं, रडायचं की गप्प बसायचं."

दॉन एल्पिदियोंचं लोखंडी सामानाचं दुकान कोपऱ्यावरच होतं. त्यांनी आविल्दाचं हसून स्वागत केलं, फेफोलाही बिजागरीचा एक स्क्रू फुकट दिला, आणि विषय निघताच ओठ मिटले. आविल्दानं एकच विचारलं: हा शब्द कायमचा दिलाय की काही दिवसांपुरता? म्हाताऱ्यानं जरा विचार केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर टाकली. सान हुआनचा सण पुढच्या आठवड्यात होता.

"सभा त्याच्या आधी आहे, त्याला माझा इलाज नाही," ते म्हणाले. "काढतील तर काढू देत, बाई."

तिथून दोघं क्रीडागृहात गेले. तातो बेरियोस स्वतः खेळत नव्हता. एका ओबडधोबड, उंच पोराला तो फ्री थ्रो शिकवत होता. पोरानं चेंडू टाकला की तातो त्याच्या कोपराला हलकेच हात लावायचा आणि पुन्हा टाकायला सांगायचा. आविल्दानं त्याला विचारलं, इथे येऊन करतोस काय? तो म्हणाला, तिकडे मला पाण्याच्या बाटल्या सांभाळायला ठेवलं होतं, इथे दॉन एल्पिदियोंनी पहिल्याच दिवशी सगळी पोरं माझ्या हवाली केली. त्यांनी मला काय म्हणून आणलं ते गाव विचारतंय, पण मला विचारायला कुणी आलं नाही.

"तो आल्यापासून किती सामने झाले?" बाहेर पडताना आविल्दानं विचारलं.

"तीन. तिन्ही जिंकलो. पण त्यात काही दम नाही वहिनी, नशीब. एक सामना एका गुणानं, दोन सामने दोन-दोन गुणांनी. शेवटच्या मिनिटाला फ्री थ्रो पडत गेले."

"असं," आविल्दा म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ते आल्तो सेद्रोला निघाले. घाटात वळणं अशी की फेफोचा उजवा पाय ब्रेकवरून हलेना. गाडी चढता चढता आविल्दानं नेलोच्या खेळाची चौकशी केली, आणि फेफोला तेवढंच हवं होतं. त्याला हंगामातला एकेक आकडा पाठ होता. एप्रिलमध्ये इथेच, आल्तो सेद्रोच्या मैदानावर, नेलोनं अडतीस गुण केले. मेमध्ये पुन्हा इथेच चौतीस.

"आणि मधल्या सामन्यांत?"

फेफो जरा घुटमळला. "मध्ये खांदा दुखत होता त्याचा. पेपरात आलं होतं. नऊ, बारा, सात, अकरा. चारही सामने हरलो."

"खांदा इथे दुखत नव्हता का?"

"डोंगराची हवा मानवते काहींना," फेफो म्हणाला. मग आठवण होऊन त्यानं नेलोच्या गाडीचं गाऱ्हाणं सुरू केलं. पोरगा गाडी जपत नाही. दोन महिन्यांत दोनदा ब्रेक बदलून दिले, एकदा पुढचा पत्रा ठोकून दिला, आणि चाकांत ही लाल माती. पुंता कोरालच्या वाळूत राहणाऱ्या माणसाच्या गाडीत लाल माती कुठून येते, ते देवाला ठाऊक. आविल्दानं खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दरडी लालभडक होत्या.

वाटेत लग्नाचाही विषय निघाला, कारण फेफोची बायको याच डोंगरातली. त्याचा बाप लवकर गेला होता, म्हणून मागणी घालायला रिवाजाप्रमाणे त्याचा धर्मपिता आला होता. त्या भल्या माणसानं मुलीच्या बापासमोर तासभर मासळीच्या भावावर भाषण दिलं आणि मागणी घालायची विसरूनच उठला. फेफो ते सांगताना इतका हसला की एक वळण जवळजवळ चुकलंच.

आल्तो सेद्रोचे कारभारी दॉन सेकुंदिनो ओलिवेरास कॉफीच्या बागांचे मालक होते. पोट पुढे काढून ते ओसरीत झुलत बसले होते. त्यांच्या आनंदाला तर उधाण आलं होतं. अदलाबदल कशी झाली हे सांगायला त्यांना आग्रह करावाच लागला नाही.

"मी कुठलाही सौदा सहा महिने घोळवतो," ते म्हणाले. "पण हा पाच मिनिटांत झाला. एल्पिदियोनं स्वतः फोन केला. नेलो घे, तातो दे. मला वाटलं थट्टा करतोय. मग मलाच लाज वाटली, म्हटलं, बाबा रे, एक बरा तरुण पोरगाही देतो सोबत. तर म्हणतो नको, फक्त तातो, आणि आत्ताच सही कर, उद्या अदलाबदलीची मुदत संपते. म्हातारा झाला बिचारा."

"तुमची जुनी दोस्ती?"

"दोस्ती? अठरा वर्षांत त्यानं या घराची पायरी चढली नाही. माझ्या घरच्यांनी त्याचं तोंड पाहिलेलं नाही, आणि मी दाखवणारही नाही."

फेफोला मागची गोष्ट ठाऊक होती. सेकुंदिनोंच्या थोरल्या मुलीनं चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संघाच्या खेळाडूशी लग्न केलं. माझ्याविरुद्ध खेळणाऱ्याला मी मुलगी देत नाही, असं म्हणून हे गृहस्थ लग्नालाही गेले नव्हते. मुलगी पुन्हा माहेरी आली नाही.

"आणि नेलो कसा वाटतो?" आविल्दानं विचारलं.

सेकुंदिनोंचा चेहरा फुलला. "सोनं आहे पोरगं. रोज रात्री जेवायला इथेच असतं. जो आल्तो सेद्रोची जर्सी घालतो तो माझ्या घरचा, बाई. माझा मुलगाच समजा."

धाकटी मुलगी, लिरियो, कॉफी घेऊन आली. विशीतली, शांत, गालांवर खळ्या. तिनं पाहुण्यांना कप दिले आणि एका कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकत राहिली. सभेचा विषय निघाला तेव्हा तिच्या हातातली थाळी जराशी वाजली. निघताना ती फाटकापर्यंत सोडायला आली.

"दॉन एल्पिदियो भेटले तर सांगाल ना," ती हळूच म्हणाली, "की लिरियोनं आशीर्वाद मागितलाय."

"सांगतो, पोरी," फेफो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

नेलो मैदानावर सापडला. तीन वर्षं पहिल्या दोनांत असलेल्या संघातून तो थेट तळाला आला होता, पण त्याच्या तोंडावर त्याचा मागमूस नव्हता. हवा चांगली आहे, कॉफी चांगली आहे, माणसं चांगली आहेत, असं तो सांगत होता. सभेचं कळताच मात्र त्याचा चेहरा उतरला. मी आजच खाली येतो, सगळ्यांना सांगतो, म्हणाला. काय सांगणार, असं आविल्दानं विचारल्यावर तो हातातला चेंडू फिरवत राहिला. तिनं फेफोला पाणी आणायला पिटाळलं आणि नेलोशी दहा मिनिटं एकटीच बोलली. परत येताना घाटभर ती गाणं गुणगुणत होती. फेफोनं तिला गाताना शेवटचं कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना.

शनिवारी चार वाजता दॉन एल्पिदियोंच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत दॉन एल्पिदियो, नेरेइदा, फेफो आणि आविल्दा. दॉन सेकुंदिनोही आले होते. अदलाबदलीबद्दल बोलायचंय असा निरोप गेल्यामुळे, सौदा मोडायला बोलावलंय असं समजून ते भांडणाच्या तयारीनंच आले होते. रंगाच्या डब्यांवर सगळे बसले. आविल्दा उभी राहिली.

"दॉन एल्पिदियो, तुम्ही शब्द दिलाय, तो पाळा. तुम्ही बोलू नका. मी बोलते, कारण मला तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. आणि ज्यांचं हे गुपित आहे त्यांची परवानगी मी घेतली आहे."

म्हाताऱ्यानं चमकून पाहिलं.

"सगळं गाव विचारत होतं, एल्पिदियोंना काय मिळालं," आविल्दा म्हणाली. "मला खेळातलं कळत नाही, म्हणून मी विचारलं, गेलं काय? फेफोनं आकडे दिले. नऊ, बारा, सात, अकरा. दोन महिने नेलो पुंता कोरालसाठी जवळजवळ खेळतच नव्हता. म्हणजे जो गेला तो आधीच गेलेला होता. फक्त एका गावात त्याचा हात चालायचा. अडतीस आणि चौतीस, दोन्ही आल्तो सेद्रोला. तिथे प्रेक्षकांच्या बाकावर कुणीतरी बसलेलं असायचं, ज्याच्यासमोर चुकणं त्याला परवडत नव्हतं."

सेकुंदिनोंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"फेफोनं दोनदा ब्रेक बदलले, पत्रा ठोकला, चाकातली लाल माती काढली. तो घाट मी काल पाहिला. हा पोरगा सामना नसतानाही तिकडे जात होता, पहाटे जाऊन सरावाला परत येत होता, आणि एकदा तरी दरडीला धडकला होता. ज्यानं त्याला लहानाचा मोठा केला त्याला झोप कशी लागणार? त्याला एकच करता येण्यासारखं होतं. पोराला कायमचं घाटावर पाठवणं."

"मग नीट सौदा करायचा," फेफोला राहवलं नाही. "तातोच का?"

"कारण मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि दॉन सेकुंदिनो सौदा सहा महिने घोळवतात. ते एकाच कागदावर पाच मिनिटांत सही करतील, जो पाहून त्यांना वाटेल की आपण समोरच्याला लुटलं. बरा पोरगा सोबत घेतला असता तर ते विचारात पडले असते. आणि दुसरं म्हणजे दॉन एल्पिदियोंना तातो खरंच हवा होता. तीन सामने, एक गुण, दोन गुण, दोन गुण, सगळे फ्री थ्रोवर. त्याला तू नशीब म्हणालास. ते नशीब दररोज सकाळी क्रीडागृहात पोरांची कोपरं सरळ करतं."

फेफोनं मान खाली घातली. त्याला आपली सही आठवत होती आणि ती खाऊन टाकता आली असती तर त्यानं खाल्ली असती.

"आता राहिलं कोण, ते," आविल्दा म्हणाली. "आशीर्वाद आपण कुणाकडे मागतो? आईबापाकडे, घरातल्या वडीलधाऱ्यांकडे, धर्मपित्याकडे. परक्यानं मागितला तर मी त्याला त्याच्या आईकडे पाठवते. दिवसातून वीसदा कानावर पडतो, म्हणून कुणी ऐकत नाही. फेफोनंही ऐकला नाही. पण काल एका मुलीनं दॉन एल्पिदियोंकडे आशीर्वाद मागितला. त्यांनी अठरा वर्षांत तिच्या घराची पायरी चढलेली नाही. तिच्या वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे तिनं त्यांचं तोंडही पाहिलेलं नाही. मनानं ती त्यांच्या घरची झालेली होती, म्हणून सवयीनं तोंडातून निघून गेलं."

सेकुंदिनो हळूहळू लाल होत चालले होते.

"नेलोला बाप नाही. मागणी घालायला रिवाजाप्रमाणे धर्मपिता जाणार. त्यासाठीच कपाटात तो पांढरा सदरा आहे, नेरेइदा. सान हुआनच्या दिवशी ते वर जाणार होते. तोवर त्यांनी तोंड मिटलं, कारण बातमी आधी फुटली असती तर आणखी एका मुलीचं माहेर तुटलं असतं. त्यापायी त्यांनी स्वतःचं नाव खरवडू द्यायची तयारी ठेवली."

नेरेइदानं वडिलांचा हात धरला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळेपणी रडली. मागचं दार उघडलं. नेलो आणि लिरियो आत आले आणि दाराशीच उभे राहिले.

दॉन एल्पिदियो उठले. सदरा घरी राहिला होता, अंगावर दुकानातला कळकट शर्ट होता. त्यांनी हात पुसले आणि सेकुंदिनोंसमोर जाऊन साध्या शब्दांत आपल्या धर्मपुत्रासाठी लिरियोचा हात मागितला.

सेकुंदिनो डब्यावरून उठले. "रोज माझ्याच टेबलावर," ते नेलोकडे पाहून म्हणाले. "माझ्याच हातानं त्याला दुसऱ्यांदा वाढत होतो मी."

"पप्पा, तुम्हीच म्हणालात, तो घरचा आहे," लिरियो म्हणाली. "आता तो तुमच्याविरुद्ध खेळत नाही. आणि मला ताईसारखं व्हायचं नाहीये. तिचा मुलगा तीन वर्षांचा झाला, तुम्ही त्याला फोटोतच पाहिलाय."

सेकुंदिनोंनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि घसा खाकरून व्यवहारावर आले.

"हो म्हणतो," ते म्हणाले. "पण एक अट आहे. तातो मला परत दे."

"मुलगी मागतोय मी, सेकुंदिनो, आणि माझा मुलगा तुला दिलाय," दॉन एल्पिदियो म्हणाले. "दुसरं काहीही माग. तातो मिळणार नाही."

सहा वाजता क्रीडागृह खच्चून भरलं होतं. दॉन एल्पिदियो व्यासपीठावर चढण्याआधीच सेकुंदिनोंनी ध्वनिक्षेपक हिसकावला. समोर हजार पेलिकन समर्थक होते आणि त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी शिट्ट्या मारल्या. पण सेकुंदिनो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. हा तुमचा एल्पिदियो दरोडेखोर आहे, त्यांनी ओरडून सांगितलं. प्रेमात पडलेला, निकामी झालेला नेमबाज त्यानं माझ्या गळ्यात बांधला. त्या बदल्यात तातो नेला, ज्याच्यावर याचे तीन सामने निघाले. आणि आता माझी मुलगीही पळवतोय. इतकी वर्षं मी कॉफी विकतोय, पण मला असं कुणी नागवलं नव्हतं.

मग मागून कुणीतरी हसलं, आणि ते हसू बाकाबाकांवरून खाली आलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. नेलो आणि लिरियोला कुणीतरी खांद्यावर घेतलं. फेफो गर्दीतून वाट काढत टेबलापाशी गेला, अर्ज उचलला, त्याचे चार तुकडे केले आणि दॉन एल्पिदियोंसमोर जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्यानं त्याला जवळ ओढून घट्ट मिठी मारली.

मतदान घ्यायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. सेकुंदिनोंना घरी सोडायचं काम फेफोच्या वाट्याला आलं. घाट चढताना दीड तास त्यांनी त्याला, पुंता कोरालला आणि एल्पिदियोला शिव्या घातल्या. शेवटच्या वळणाआधी मात्र त्यांनी गाडी थोरल्या मुलीच्या गावाकडे वळवायला सांगितली.